हिरडाटोल्याचा स्वरांक

हिरडाटोल्याच्या शाळेचा स्वरांक पूर्व विदर्भात पहिला आल्याची बातमी मृदुला रहांगडालेला चहाच्या वेळी कळली. मनसाथ केंद्राच्या संचालक साल्पेकर मॅडम हातात पेढ्यांचा डबा घेऊन तिच्या टेबलापाशी आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिचं अभिनंदन करून गेल्या. हिरडाटोला ही मृदुलाची शाळा. म्हणजे ती तिथे कधी गेली नव्हती; पण दर बुधवारी नागपूरच्या या केंद्रात, काचेच्या छोट्या खोलीत बसून, पडद्यावरून ती तिथल्या मुलांशी बोलत असे.

पेढा तिने तोंडात टाकला खरा, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आनंद व्हायला हवा होता आणि होत नव्हता. का, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

मनसाथ ही राज्याची योजना. गोंदिया-गडचिरोलीच्या टोकाच्या गावांत मानसोपचारतज्ज्ञ जाऊन राहणार नाही, हे सगळ्यांनी केव्हाच मान्य केलं होतं. म्हणून शाळेतच एक खोली काढायची, तिथे पडदा आणि हेडफोन बसवायचे, आणि ज्या मुलाला बोलावंसं वाटेल त्याने दार लावून शहरातल्या समुपदेशकाशी बोलायचं. अशा योजना पूर्वीही आल्या होत्या आणि गेल्या होत्या. शाळांमधली समुपदेशकांची पदं गोठवली गेली, हेल्पलाइन बंद पडली. दर वेळी वित्त विभागाचा प्रश्न एकच असायचा: या खर्चाने मुलांना बरं वाटलं, हे कशावरून? त्याला उत्तर नसायचं. बरं वाटणं मोजणार कसं?

ते मोजायचं यंत्र मृदुलाच्या नवऱ्याने बनवलं होतं.

शिरीषने एकट्याने नव्हे, पण स्वरमापीची मूळ कल्पना त्याची. मन खचलं की माणसाचे शब्द बदलण्याआधी आवाज बदलतो. स्वरयंत्राचे बारीक स्नायू मेंदूच्या ज्या भागांचे हुकूम पाळतात, त्या भागांचं भावनांशी घट्ट नातं असतं. निराशेत हे स्नायू सुस्तावतात. सुरातले चढउतार कमी होतात, दोन शब्दांमधली जागा लांबते, आवाजात कानाला न जाणवणारी थरथर येते. स्वरमापी हे सगळं सेकंदाचे बारीक तुकडे करून तपासायचा आणि प्रत्येक मुलाचा आवाज त्याच्याच पहिल्या दिवसाच्या आवाजाशी ताडून एक आकडा द्यायचा. तो स्वरांक. शब्द मात्र यंत्र जागच्या जागी पुसून टाकायचं. मुलाने काय सांगितलं ते सरकारला कळता कामा नये, ही अट खुद्द मृदुलाने शिरीषकडे हट्ट धरून घालून घेतली होती. यंत्राला फक्त सूर ऐकू यायचा.

आकडा मिळाल्यावर निधी मिळाला. शाळेचा स्वरांक वाढला की पुढच्या वर्षाचा पैसा मंजूर, घसरला की खोली बंद. कडक होतं, पण निदान योजना जिवंत होती. घरी शिरीष हे अभिमानाने सांगायचा आणि मृदुलालाही तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा.

तो दिवस बुधवारचाच होता. दुपारी पहिली आली यामिनी कुंभरे, नववीतली. यामिनीचा धाकटा भाऊ मागच्या वर्षी गावतळ्यात बुडून गेला होता. सुरुवातीचे कित्येक महिने ती पडद्यासमोर नुसती बसून राहायची. एक वाक्य बोलायची आणि मग इतका वेळ गप्प राहायची की लाइन तुटली की काय असं वाटावं. त्या गप्प बसण्याची मृदुलाला सवय झाली होती. मग हळूहळू तिचा आवाज खुलला. गेले दोनेक महिने तर तो मंजुळ म्हणावा असा झाला होता, आणि पडद्याच्या कोपऱ्यातला तिचा आकडा हिरव्या रंगात झळकत होता.

"कशी आहेस?" मृदुलाने विचारलं.

"बरी आहो जी," यामिनी म्हणाली. मग त्याच लडिवाळ, वर उचललेल्या सुरात म्हणाली, "काल मी जेवलीच नाही. परवाबी नाही. घास तोंडात गेला की मले वकारी येते."

आकडा आणखी वर सरकला.

मृदुला खुर्चीत सरळ बसली. यामिनी हसऱ्या चेहऱ्याने पुढे सांगत होती. आई अजून भावाचं ताट वाढते, बाबा घरी थांबत नाहीत, झोप लागत नाही. तळ्याकडची वाट टाळण्यासाठी ती शाळेला लांबून येते. शब्द ऐकले तर उठून तिच्या घरी धावत जावंसं वाटावं. सूर ऐकला तर वाटावं, ही पोर सहलीची गंमत सांगते आहे.

यामिनी गेली आणि आठवीतला एक मुलगा आला. तोही त्याच सुरात बोलला. वाक्याच्या शेवटी तशीच गिरकी, श्वासही तिथेच. त्याच्यानंतरच्या मुलीचंही तेच. हे आज सुरू झालेलं नव्हतं. कित्येक बुधवार ती हा सूर ऐकत होती, हिरवा आकडा बघत होती आणि मनातल्या मनात स्वतःवर खूश होत होती. मुलं सांगत होती ते तिच्या कानांवर पडत होतं, पण ती ऐकत नव्हती.

संध्याकाळी साल्पेकर मॅडमनी तिला पुन्हा बोलावलं. या वर्षापासून नियमात एक भर पडली होती. ज्या शाळेचा स्वरांक हिरव्या रेषेच्या वर स्थिरावेल, ती शाळा स्वयंपूर्ण धरायची आणि तिचा निधी गरजू शाळेकडे वळवायचा. हिरडाटोल्याची खोली सत्र संपताच बंद होणार होती. यश मिळालंय, आता दुसऱ्यांची पाळी, असं मॅडम म्हणाल्या आणि ते त्यांना मनापासून पटलेलं होतं.

मृदुलाने त्यांना मुलांच्या सुराबद्दल सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुरावा मागितला. बोलणं कुठेच साठवलेलं नव्हतं, आकडे तेवढे होते, आणि आकडे झकास होते.

मग ती रजा टाकून हिरडाटोल्याला गेली. आमगावपर्यंत रेल्वे, पुढे एसटी, आणि फाट्यापासून शाळेपर्यंत एका दूधवाल्याच्या मोटरसायकलवर. मुख्याध्यापक चौरागडे सर व्हरांड्यातच उभे होते. पडद्यावरच्या मॅडम सदेह आलेल्या बघून त्यांना काय करू नि काय नको असं झालं. पोहे आले, चहा आला, स्वरांकाबद्दल आलेलं अभिनंदनाचं पत्र भिंतीवर लावलं होतं तेही त्यांनी दाखवलं.

मृदुलाने विचारल्यावर त्यांनी काही लपवलं नाही. मागच्या वर्षी शेजारच्या गावातली खोली स्वरांक घसरल्यामुळे बंद झाली होती. म्हणून त्यांनी प्रार्थनेच्या वेळी मुलांना समजावून सांगितलं होतं की, आपला आकडा वाढला पाहिजे, नाहीतर आपल्या मॅडम जातील. एवढंच. सुराचं वगैरे त्यांना काही ठाऊक नव्हतं. स्वयंपूर्ण शाळेचा नवा नियमही त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. तो ऐकल्यावर त्यांनी भिंतीवरच्या पत्राकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे पडला तरी बंद, आणि चढला तरी बंद?"

मृदुलाने यामिनी कुठे भेटेल ते विचारलं.

यामिनी तिला शाळेमागच्या मोहाच्या झाडाखाली भेटली. पडद्यावर दिसायची त्यापेक्षा ती खूपच बारीक होती. मनगटातलं कडं कोपरापर्यंत वर जात होतं. सुरुवातीला तिने तोच मंजुळ सूर लावला. मृदुला म्हणाली की इथे यंत्र नाही, तेव्हा ती एकदम थांबली आणि खाली बघायला लागली.

युक्ती तिचीच होती. एकदा बोलता बोलता तिला एका पोराची फजिती आठवून हसू आलं आणि तिच्याही पडद्यावर दिसणारा आकडा टुणकन वर गेला, हे तिने हेरलं. मग तिने वेगवेगळे आवाज लावून पाहिले. तालुक्याच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करणारी बाई ज्या सुरात बोलते, तो सूर यंत्राला सगळ्यात जास्त आवडतो, असं तिच्या ध्यानात आलं. तिने तो बाकीच्यांना शिकवला. मधल्या सुट्टीत मुलं त्याचा सराव करत.

"पन खोटं कोनीच नाही बोललं जी," ती घाईघाईने म्हणाली. "गोष्टी साऱ्या खऱ्याच सांगतल्या. रडलं की आकडा पडते, म्हनून हासून सांगतल्या. यंत्राले नाही समजत, पन तुमाले तर समजत होतं ना?"

मृदुलाने मान हलवली. ती होकाराची की नकाराची हे यामिनीला कळलं नसावं, आणि मृदुलाला ते स्पष्ट करायचा धीर झाला नाही. मग यामिनीने आणखी एक गोष्ट सांगितली. आता तो सूर घरीसुद्धा आपोआप लागतो. भावाच्या वर्षश्राद्धाला आलेल्या मामीशी ती त्याच सुरात बोलली आणि मामी सगळ्यांदेखत म्हणाली, या पोरीला काही दुःखच नाही. रडावंसं वाटतं, पण घशातून रडू येतच नाही.

घरी परतल्यावर मृदुलाने शिरीषला सगळं सांगितलं. तो जेवत होता. त्याने ताट बाजूला सारलं.

"नववीतल्या मुलीने?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात आधी कौतुकच होतं. मग त्याचा चेहरा उतरला.

यंत्रातले सुरांचे आलेख शिरीषच्या प्रयोगशाळेत जमा होत असत. तेवढाच काय तो पुरावा. मृदुलाने तो मागितला आणि शिरीषने नाही म्हटलं. पुढच्या पंधरवड्यात मनसाथ राज्यातल्या सगळ्या शाळांना लागू करण्याचा प्रस्ताव आढावा समितीसमोर येणार होता. अशा वेळी यंत्राला मुलं फसवू शकतात हे पुढे आलं, तर यंत्र दुरुस्त करा असं कुणी म्हणणार नाही, योजनाच गुंडाळतील. तुला एक शाळा वाचवायची आहे, मला हजारो दिसतायत, असं तो म्हणाला. मृदुला म्हणाली की त्या हजारो शाळांतही मुलं हसत हसत हेच सांगतील, आणि पडद्यापलीकडे माझ्यासारखीच कुणीतरी हिरवा आकडा बघत बसलेली असेल. त्यावर तो चिडला. आकडा नव्हता तेव्हा काय होतं, ते तू पाहिलंयस, तुझीच नोकरी दोनदा गेली होती, असं त्याने ऐकवलं. ते खरं होतं, म्हणूनच तिला जास्त लागलं.

त्यानंतर घरात कामापुरतंच बोलणं उरलं. आणि त्यातही एक विचित्र गोष्ट होऊ लागली. तो चहा विचारायचा तेव्हा त्याचा आवाज सपाट आहे, हे तिला आधी जाणवायचं आणि त्याने काय विचारलं ते मागाहून. आपले कानही त्या यंत्रासारखे झालेत, या विचाराने ती हताश व्हायची.

रविवारी सकाळी शिरीषने तिला प्रयोगशाळेत चल म्हटलं. तिथे कुणी नव्हतं. त्याने हिरडाटोल्याच्या मुलांचे आलेख काढले होते आणि त्यांचा पुन्हा आवाज बनवला होता. शब्द नव्हतेच, त्यामुळे स्पीकरमधून नुसती गुणगुण आली. एका मुलाची, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. सगळ्यांची एकच चाल. शेवटी त्याने सगळे आवाज एकत्र लावले, तेव्हा वर्गच्या वर्ग एखादं समूहगीत म्हणतो आहे असं वाटलं.

शिरीषने आवाज बंद केला. "मी आकडे रोज बघत होतो," तो म्हणाला. "ऐकून एकदाही पाहिलं नव्हतं."

समितीसमोर ते दोघं बरोबर गेले.

समितीतली माणसं वाईट नव्हती, हेच मृदुलाला सगळ्यात जड गेलं. गुणगुण ऐकताना एका सदस्य बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. शिरीषने स्वतः उभं राहून यंत्राची मर्यादा सांगितली. हा आकडा समुपदेशकाच्या मदतीला ठेवा, त्याला निधी जोडू नका. कुठल्याही मापाला पैसा बांधला की माणसं ते माप सांभाळायला लागतात आणि ज्याच्यासाठी माप केलं ते बाजूला राहतं, असं तो म्हणाला. मृदुलाने मागणी मांडली ती साधी होती. मुलांना बोलायला माणूस द्या आणि काही वर्षं आकडा मागू नका.

वित्त विभागाच्या अधिकाऱ्यांनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं. मग अगदी नम्रपणे विचारलं की आकडा ग्राह्य नसेल, तर निधी कोणत्या आधारावर मंजूर करायचा? गरजेच्या आधारावर, मृदुला म्हणाली. गरज किती आहे हे कशावरून, असं त्यांनी विचारलं. त्यांना तिची कोंडी करायची नव्हती. त्यांना खरोखरच कुठल्या तरी रकान्यात काहीतरी भरायचं होतं. तिने यामिनीची गोष्ट नाव न घेता सांगितली. ते म्हणाले, हे फार हृदयद्रावक आहे, पण हे एक उदाहरण झालं.

निर्णय त्याच दिवशी आला. राज्यभर विस्ताराचा प्रस्ताव स्थगित. स्वरमापीची त्रयस्थ संस्थेकडून फेरतपासणी होईपर्यंत नवा निधी नाही. आणि ज्या शाळांचे स्वरांक संशयास्पद आढळले, तिथल्या खोल्या तत्काळ बंद. पहिलं नाव हिरडाटोल्याचं. सत्र संपेपर्यंत मिळाली असती ती मुदतही आता गेली.

बाहेर आल्यावर साल्पेकर मॅडम मृदुलाला एवढंच म्हणाल्या की तू गप्प राहिली असतीस तर निदान बाकीच्या शाळा राहिल्या असत्या. त्यांचा स्वर रागाचा नव्हता. त्या थकल्या होत्या. मृदुलाला भांडायचं होतं, पण कुणाशी भांडावं तेच कळेना. शिरीष पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभा होता. दोघं घरी आले. त्याने कुकर लावला, तिने भाजी चिरली, आणि जेवताना तो म्हणाला की गेलो ते बरंच केलं. तिला तसं वाटत नव्हतं, पण तो खरं बोलतोय हे तिला कळलं. तेवढाच आधार वाटला.

शेवटचा बुधवार तेवढा साल्पेकर मॅडमनी कसाबसा मिळवून दिला. मुलं एकेक करून आली. चौरागडे सरांनी त्यांना सांगून ठेवलं होतं. कुणी निरोपाची चित्रं दाखवली, कुणी नुसतंच बसून गेलं. सूत्रसंचालनाचा सूर आता कुणी लावला नाही.

यामिनी सगळ्यांत शेवटी आली. तिने हेडफोन लावला आणि विचारलं, "आमच्याचमुळे बंद झालं ना जी?"

"नाही," मृदुला म्हणाली. "मोठ्या माणसांना दुसरा मार्ग सुचला नाही, म्हणून बंद झालं. तुम्ही मला सगळं खरंच सांगत होतात. मीच ते नीट ऐकलं नाही."

यामिनी गप्प झाली. पूर्वी व्हायची तशी, बराच वेळ. मृदुला थांबून राहिली. मग यामिनी बोलली, तेव्हा आवाज जड होता, प्रत्येक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखा.

"एक गोष्ट मी कोनालेच नाही सांगतली," ती म्हणाली. "त्या दिवशी मी वेनी घालत होती. तो माह्या मागं मागं करत होता. मी त्याले..."

पडदा काळा झाला. सेवा समाप्त झाल्याची ओळ वर आली. दिलेली वेळ संपली होती आणि खोलीची जोडणी कायमची तोडायचा आदेश यंत्रात आधीच भरलेला होता.

मृदुलाने टेबलावर हात आपटला. बाहेरच्या दोघी-तिघींनी वळून पाहिलं. मग तिने पर्समधून स्वतःचा फोन काढला. समुपदेशकाने केंद्राबाहेरून मुलांशी संपर्क ठेवायचा नाही, हा नियम तिला तोंडपाठ होता. नव्या लोकांना तीच तो शिकवत असे. तिने चौरागडे सरांचा नंबर लावला.

सर वर्गावर होते. तिने काय हवंय ते सांगितलं. ते क्षणभर घोटाळले. उद्या कुणी विचारलं तर अंगाशी येईल, एवढं ते म्हणाले, आणि तोवर त्यांच्या चपलांचा आवाज व्हरांड्यातून पुढे निघालाही होता. एक दार वाजलं. "पोरी, घे, मॅडम आहेत," असं ते म्हणाले, आणि मग दार पुन्हा लागल्याचं ऐकू आलं.

"मॅडम?"

"मी इथेच आहे. तू त्याला काय म्हणालीस?"

"जा म्हनलं. मले तरास देऊ नको, तळ्याकडं जाऊन खेळ म्हनलं." फोनमध्ये तिचा श्वास फुटत होता. "मीच पाठवलं त्याले."

तुझी चूक नाही, हे वाक्य मृदुलाच्या ओठांवर आलं. अशा वेळी ते म्हणायचं असतं. पण आजवर या पोरीला सगळ्यांनी तेच ऐकवलं असणार, आणि नेमकं काय माफ करायचं हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने ते ओठांवरच थांबवलं.

"मग तो काय म्हणाला?" तिने विचारलं.

"म्हनला, ताई, तूबी चाल ना," यामिनी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. कितीतरी दिवसांचं कोंडलेलं, भेसूर, हुंदक्यावर हुंदका देणारं रडू. मृदुलाने काचेच्या खोलीचा दिवा मालवला, फोन कानाशी घट्ट धरला, आणि तिचं रडून होईपर्यंत ती तिथून हलली नाही.